गिअर सुटणारी जुनी बोट-मोटर आणि पवनी रस्त्यावरचा पंपवाला मिस्त्री

भंडाऱ्याहून पवनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक टिनाचे शेड आहे. दारावरच्या पाटीवर ‘सबमर्सिबल पंप, मोटर वाइंडिंग, ट्रॅक्टरची सर्व कामे’ एवढेच लिहिलेले असून बोटीचा त्यात कोठेही उल्लेख नाही. आमच्या मच्छीमार सहकारी संस्थेच्या बोटीमागे लावलेली जुनी आउटबोर्ड मोटर, जिला आमच्याकडे सगळे नुसते ‘मशीन’ म्हणतात, तिच्या गिअरचे दुखणे शेवटी या शेडमध्ये बरे झाले. संस्थेचा सचिव या नात्याने हिशेब माझ्याकडे असतो आणि एकाच दुरुस्तीवर दोनदा पैसे गेल्यामुळे सभेत उत्तरही मलाच द्यावे लागले. म्हणून काय बिघडले होते, कोणी काय केले आणि कशाचे किती झाले, हे सारे वहीत टिपलेले आहे. त्या वहीच्या आधाराने हा अभिप्राय लिहीत आहे.

आधी मशीनविषयी थोडे सांगणे भाग आहे. ते २५ अश्वशक्तीचे, दोन स्ट्रोकचे, दोरी ओढून सुरू होणारे जपानी यंत्र आहे. संस्थेने ते वापरलेलेच विकत घेतले होते. गिअर आणि वेग यांच्यासाठी चालकाच्या बाजूला एक कंट्रोल पेटी असून तिच्यातून दोन केबली मागे मशीनपर्यंत जातात. बोट गोसीखुर्दच्या बुडितात चालते. १९८८ साली पायाभरणी झालेल्या या धरणाचे पाणी टप्प्याटप्प्याने वाढत गेले आणि जुनी शेते, बांध, बाभळी, पळस हे सर्व पाण्याखाली गेले, त्यामुळे उन्हाळ्यात पाणी उतरले की झाडांची खोडे वितीवर येऊन थांबतात आणि बोट ढकलणाऱ्या मशीनच्या पंख्याला लागतात. त्यात जलपर्णीची भर आहे, आणि मासेमारीच्या जाळ्यांचे तुटलेले तंगूस तर सगळीकडे तरंगत असते. खाऱ्या पाण्याने ॲल्युमिनियम खाल्ले जाते, तो त्रास आम्हाला नाही. पण खोड, गाळ आणि तंगूस हे तिन्ही गिअरच्या जिवावर उठणारेच आहेत. मत्स्यबीज नेणे, सभासदांच्या डोंग्यांवरून माल गोळा करणे आणि रात्रीची राखण, एवढी कामे ही एकच बोट करते.

मागच्या हिवाळ्यात पहिले लक्षण दिसले. बोट रिकामी असताना सर्व ठीक चाले, परंतु माल भरून वेग वाढवला की खालून ‘खाड्’ असा आवाज होई, क्षणभर इंजिन मोकळे सुटून किंचाळे आणि पुन्हा धक्का देऊन गिअर पकडी. प्रथम महिन्यातून एकदा, नंतर आठवड्यातून, आणि संक्रांतीच्या सुमारास दर फेरीला असे होऊ लागले. वारा सुटलेला असताना भर पाण्यात गिअर सुटला म्हणजे बोट आडवी होते आणि लाट काठावरून आत येते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला हे दुखणे केवळ गैरसोयीचे वाटणार नाही.

आम्ही मशीन नागपुरातील एका कार्यशाळेत नेले. तिचे नाव लिहीत नाही. त्यांची बाजू मांडायला ते येथे नाहीत आणि इंजिनाची कामे ते चांगली करतही असतील. त्यांनी गिअरची केबल बदलली, पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (पाणी ढकलणारे पात्यांचे चाक) बदलला, गिअरचे तेल बदलले आणि ९,४०० रुपयांचे बिल दिले. मशीन परत आले ते तीन आजार घेऊन. पहिला जुनाच, म्हणजे भाराखाली पुढचा गिअर सुटत होता. दुसरा असा की, पेटीतला दांडा न्यूट्रलला ठेवला तरी बोट हळूहळू पुढे सरकू लागली आणि रिव्हर्स तर पडेचना; धक्क्याला लागताना बोट थांबवायची कशी, हा प्रश्न उभा राहिला आणि आमचा चालक बांबू घेऊन पुढे उभा राहू लागला. तिसरा आजार सर्वांत चमत्कारिक होता. कधी कधी दोरी जागची हलतच नसे, जणू इंजिन जाम झाले आहे. दांडा दोन-तीनदा पुढे-मागे केला की मग एकाएकी मोकळी होई. फोन केला तेव्हा ‘नवीन तेल जाड असते, आठ दिवसांत मोकळे होईल’ असे उत्तर मिळाले. यात अगदीच तथ्य नाही असे नाही. तेलाच्या ओढीने न्यूट्रलमध्येही पंखा थोडाफार फिरतो, पण तो हवेत. पाण्यात भरलेली बोट पुढे नेण्याइतका जोर त्या ओढीत नसतो. आम्ही मात्र आठ दिवसांच्या जागी दोन महिने वाट पाहिली.

टिनाच्या शेडचा पत्ता आमच्याच एका सभासदाने दिला, ज्याचा पंप तेथे वाइंडिंग भरायला गेला होता. मनातून मला ते पटले नव्हते. ज्याच्या शेडमध्ये विहिरीतून काढलेले पंप आणि पॉवर टिलरचे सांगाडे पडले आहेत, तो बोटीच्या मशीनला हात घालणार म्हणजे उरलेसुरलेही जाणार, अशीच माझी समजूत होती.

मिस्त्रींनी मशीन स्टँडवर टांगून घेतले आणि पहिला प्रश्न विचारला तो तेलाचा. “खालच्या डब्यातलं तेल काढून त नाई आनलं ना जी?” गिअरच्या डब्यातले तेल होते तसेच होते, हे ऐकून त्यांना बरे वाटले. त्यानंतर त्यांनी दोन्ही स्पार्क प्लगच्या टोप्या काढल्या, कंट्रोलवरच्या, इंजिन बंद करणाऱ्या लाल दोरीची क्लिप ओढून आपल्या शर्टाच्या खिशात टाकली, आणि मगच पंख्याला हात लावला. गिअरमध्ये असलेल्या इंजिनाचा पंखा हाताने फिरवला तर आतला दट्ट्या हलतो आणि ठिणगी मिळाली तर इंजिन पेट घेऊ शकते. मोठ्या कार्यशाळेत ही काळजी कोणी घेतलेली मला दिसली नव्हती, म्हणून आवर्जून नोंदवतो.

पुढची पंधरा-वीस मिनिटे पाहण्यासारखी होती. त्यांनी काहीही उघडले नाही. तीनही आजार एकाच कारणाचे असतील असे मी धरून चाललो होतो; त्यांनी ते धरले नाही, वरून खाली एकेक सांधा सोडवत गेले.

पहिल्यांदा त्यांनी मशीनजवळचे केबलचे टोक गिअरच्या आडव्या दांडीवरून काढले. आता पेटी आणि केबल बाजूला पडली आणि दांडी हाताने हलवता येऊ लागली. दांडी मधल्या खाचेत आणली, तेथे ‘टक्’ असे बसल्याचे बोटांना कळते, आणि दोरी ओढली. दोरी लोण्यासारखी आली. पुन्हा केबल लावून पेटीतला दांडा न्यूट्रलला ठेवला, तर दांडी मधल्या खाचेपासून बोटाच्या पेराएवढी पुढे उभी होती आणि दोरी अडकली. याचा उलगडा असा की, या मशीनला गिअरमध्ये असताना सुरू न होण्याची यांत्रिक अडवणूक आहे. दांडी न्यूट्रलच्या बाहेर असली की एक अडसर दोरीच्या चाकात पडतो. इंजिन जाम नव्हतेच. नवीन केबल बसवताना तिच्या टोकाचा आट्यांचा तुकडा चार आटे कमी फिरवला गेला होता. मिस्त्रींनी पेटी आणि दांडी दोन्ही न्यूट्रलला ठेवल्या, टोक आपोआप खिळ्यावर येऊन बसेल इतके फिरवले, चेकनट आवळला आणि तिसरा आजार तेथेच संपला. त्यासाठी लागला तो एक दहाचा पाना.

तरीही न्यूट्रलमध्ये पंखा हाताने फिरवला की आतून ‘कट्, कट्’ असा बारीक आवाज येत होता, आणि दांडी पूर्ण मागे नेऊन पंखा फिरवून पाहिला तरी रिव्हर्स पकडत नव्हता. येथे पंखा फिरवून पाहणे महत्त्वाचे आहे. बंद इंजिनावर गिअरचे दात दातांसमोर आले तर गिअर पडत नाही आणि अनोळखी माणूस दांडीवर जोर करून काहीतरी वाकवून बसतो. एका हाताने पंखा हलवत दुसऱ्या हाताने दांडी सरकवली म्हणजे खरे-खोटे कळते. आमचा रिव्हर्स खरोखरच पडत नव्हता.

या ठिकाणी त्यांनी मला मशीनच्या आतली रचना खडूने फरशीवर काढून दाखवली, आणि वीस वर्षे मशीन वापरणाऱ्यांनाही ती ठाऊक नसते म्हणून थोडक्यात सांगतो. इंजिनाचा उभा शाफ्ट खाली डब्यात येतो, त्याच्या टोकाला पिनियन नावाचे लहान दातेरी चाक आहे. पिनियनच्या पुढे-मागे दोन मोठे गिअर समोरासमोर बसलेले असून, इंजिन चालू असेपर्यंत ते दोन्ही सतत उलटसुलट दिशेने फिरत असतात. पंख्याचा आडवा शाफ्ट त्यांच्या मधून मोकळा जातो. या शाफ्टवर दोन गिअरांच्या मध्ये सरकणारी एक कडी आहे, तिला डॉग म्हणतात. ती पुढे सरकून पुढच्या गिअरच्या दातांत अडकली की बोट पुढे, मागे अडकली की मागे, आणि मधोमध राहिली की न्यूट्रल. मोटारगाडीसारखा घासत पकडणारा क्लच येथे नाहीच. डॉगला सरकवणारी सळी वरच्या दांडीपासून खाली येते आणि वर-खाली होते. तिच्या टोकाच्या उतरत्या कॅममुळे शाफ्टच्या पोकळ तोंडातली खुंटी आत ढकलली जाते किंवा स्प्रिंगच्या जोराने बाहेर येते. सळी एकसंध नाही. वरची आणि खालची अशी दोन तुकड्यांत असून मध्ये आट्यांचा एक जोडनट आहे.

आता इम्पेलर बदलायचा म्हटला की खालचा डबा उतरवावा लागतो, आणि डबा उतरवायचा म्हटला की हा जोडनट सोडावा लागतो. परत जोडताना तो किती आटे बसला, यावर सळीची लांबी ठरते. नागपुरात तो दोन्ही भाग न्यूट्रलला न ठेवताच जोडला गेला होता. त्यामुळे सळी पुढच्या गिअरच्या बाजूला झुकून राहिली, न्यूट्रलमध्ये डॉग पुढच्या दातांना घासत राहिला आणि मागे रिव्हर्सपर्यंत पोहोचलाच नाही. दुसरा आजारही समजला. चेकनट ढिला करून, खालची सळी हाताने न्यूट्रलला आणून, म्हणजे पंखा दोन्ही दिशांना आवाज न करता फिरेल अशी ठेवून, मग त्यांनी जोडनट फिरवला. ‘कट् कट्’ थांबली. दांडी मागे नेली तर पंखा पकडला. एका वाक्यात सांगण्यासारखा नियम यातून मी वहीत लिहिला: इम्पेलर बदलून आणल्यावर गिअरचे नवे दुखणे सुरू झाले, तर आधी हा जोडनट तपासावा.

मला वाटले, काम झाले. पैसे विचारायला मी पिशवी काढली, तर मिस्त्री पंख्याकडे पाहत उभे. त्यांचे म्हणणे असे होते की, सळी पुढच्या बाजूला झुकलेली असताना पुढचा गिअर वाजवीपेक्षा जास्तच आत बसत होता. तरीही तो भाराखाली सुटत होता, म्हणजे जुने दुखणे जोडणीचे नाही, दातांचे आहे. हा तर्क मला फार आवडला. तरीही डबा उघडण्यापूर्वी त्यांनी पंख्याचा संशय फेडून घेतला. पंख्याच्या आत रबराची बुश असते. खोडाला धक्का बसला तर ती घसरून गिअर वाचावा अशी तिची योजना असते, आणि ती सैल झाली की इंजिन ओरडते पण बोट पळत नाही. अनेकांचे खरे भांडण या रबराशी असते आणि खर्च मात्र गिअरवर होतो. दोघांत फरक आवाजाचा आहे: रबर गुळगुळीत घसरते, गिअर धक्के देत सुटतो. मिस्त्रींनी आतल्या बुशवर आणि बाहेरच्या भागावर मिळून टोच्याने एक सरळ रेघ ओढली आणि ‘आज माल भरून फिरवून आना’ असे सांगून मशीन परत दिले. संध्याकाळी चार क्रेट मासे आणि पाच माणसे घेऊन फेरी झाली. गिअर दोनदा सुटला. रेघ एका रेषेतच राहिली. बुश निर्दोष ठरली.

दुसऱ्या दिवशी डबा उघडला गेला. आधी पांढऱ्या घमेल्यात तेल काढले. ते तेल नव्हतेच, मुरलेल्या ताकासारखा करडा द्रव होता. नागपुरात तेल बदलून अडीच महिने झाले होते, म्हणजे पाणी अजूनही आत जात होते. खालच्या बुचाच्या चुंबकाला काळी कणीक चिकटली होती. एवढी बारीक पूड जुन्या मशीनला येतेच, पण तिच्यात नखाच्या कडेएवढी एक चकाकणारी ढलपी होती आणि ती मिस्त्रींनी कागदावर वेगळी काढून ठेवली. पंखा काढल्यावर पाणी कोठून जात होते तेही दिसले. पंख्याच्या मागच्या वॉशरभोवती तंगूस इतके गच्च गुंडाळले गेले होते की उष्णतेने वितळून त्याचे हिरवट कडे झाले होते, आणि त्याने पाणी आत येऊ न देणाऱ्या ऑइल सीलचा ओठ कापला होता. ब्लेडने ते कडे कापून त्यांनी माझ्या हातात दिले. ज्या धंद्यावर आमचे पोट आहे त्याच धंद्याचा धागा मशीनच्या गळ्याला बसलेला पाहून चालक आणि मी, दोघेही काही वेळ गप्प होतो.

पंख्याचा शाफ्ट बाहेर आल्यावर त्यांनी डॉग पुसून माझ्या तळहातावर ठेवला. डॉगच्या दाताचा कोपरा नव्या विटेच्या कोपऱ्यासारखा धारदार हवा. आमच्या डॉगचा पुढचा कोपरा आठ दिवस वापरलेल्या साबणाच्या वडीसारखा गोल झाला होता, आणि पुढच्या गिअरचे दातही तसेच. दोन गोल कोपरे एकमेकांवर रेटले की जोर जितका वाढेल तितके ते एकमेकांना दूर ढकलतात. रिकाम्या बोटीत गिअर टिकायचा आणि भरलेल्या बोटीत सुटायचा तो यामुळे. रिव्हर्सच्या बाजूचे कोपरे त्या मानाने शाबूत होते. मी विचारले की डॉग उलटा करून बसवता येईल काय, कारण काही मशीनांत तसे करतात असे मी ऐकले होते. आमच्या डॉगच्या दोन्ही बाजू सारख्या नाहीत हे त्यांनी दाखवले, आणि सारख्या असत्या तरी झिजलेल्या गिअरवर नवा कोपरा महिनाभरही टिकत नाही, डॉग आणि गिअर जोडीनेच बदलावे लागतात, असे सांगितले. जुगाडाची संधी समोर असताना जुगाड नाकारणारा मिस्त्री मी क्वचितच पाहिला आहे.

झीज का झाली, याचे उत्तर आमच्या चालकाला टोचले. तो गिअर फार मायेने घालतो. दांडा हळूहळू पुढे नेतो, आवाज होऊ नये म्हणून. “गेर घालाचा त झटक्यात घाला भाऊ. हळू घालसान त दात दातावर नाचते अन् कोपरे खाते,” असे मिस्त्री म्हणाले. ते बरोबर आहे. डॉग आणि फिरणारा गिअर यांच्यात घासून पकडण्याची सोयच नसल्यामुळे दात एकतर पूर्ण अडकले पाहिजेत किंवा पूर्ण सुटले पाहिजेत. मधली अवस्था जितकी लांबेल तितकी कोपऱ्यांची ठिकरी उडते. एक खणखणीत ‘खट्’ हा निरोगी आवाज आहे. मात्र इंजिन अगदी मंद फिरत असतानाच दांडा टाकायचा, हे तितकेच आवश्यक आहे. आमचे मशीन थंडीत नीट चालावे म्हणून कोणीतरी त्याचा मंद वेग स्क्रूने वाढवून ठेवला होता, तोही त्यांनी उतरवला.

सुटे भाग मिळवणे हा या अनुभवातला सर्वांत कंटाळवाणा भाग. नागपुरात पुढचा गिअर मिळाला नाही, शेवटी मशीनच्या पत्रीवरचा मॉडेल क्रमांक पाठवून कोचीच्या एका व्यापाऱ्याकडून पुढचा गिअर, डॉग, स्प्रिंग, ऑइल सीलचा संच आणि बुचांचे वॉशर मागवले. १९ दिवस गेले. भागांचे पैसे संस्थेने परस्पर भरले, मिस्त्रींनी त्यावर एक रुपयाही चढवला नाही.

जोडणी एका दिवसात झाली. सील बसवून झाल्यावर त्यांनी डब्याच्या वरच्या छिद्राला नळी लावून सायकलच्या पंपाने थोडी हवा भरली आणि डबा पाण्याच्या ड्रममध्ये बुडवून दहा मिनिटे बुडबुड्यांची वाट पाहिली. पंक्चर काढणाऱ्याची रीत, पण डबा आता गळत नाही, ही नागपूरच्या बिलात न सापडलेली गोष्ट तिने सिद्ध केली. तेल खालच्या छिद्रातून भरले, वरच्या छिद्रातून बुडबुडे न येता तेल आल्यावर आधी वरचे बूच लावले आणि मग खालचे. वरून ओतले तर हवा आत अडकून डबा अर्धवट राहतो.

आता कमतरता. हा मिस्त्री निर्दोष आहे, असे मी लिहिणार नाही. नवा गिअर बसवल्यावर पिनियन आणि गिअर यांच्यातली मोकळीक डायल गेजने मोजायला हवी. ते गेज त्यांच्याकडे नाही. जुन्याच शिम, म्हणजे मोकळीक जुळवणाऱ्या पातळ चकत्या, परत घालून, हाताने शाफ्ट हलवून अंदाज घेतला गेला. अंदाज बरोबर निघाला असे आज तरी दिसते, पण तो अंदाजच आहे. दुसरी गोष्ट तेलाची. त्यांनी ट्रॅक्टरचे ९० नंबरचे तेल पुढे केले. जाडी तीच असली तरी बोटीच्या गिअरसाठी मिळणाऱ्या तेलात पाणी शिरले असता गंज रोखण्याची जी क्षमता असते ती साध्या तेलात तेवढी नसते, यावरून आमचा थोडा वाद झाला, आणि शेवटी मी बोटीचेच तेल मागवून दिले. त्यांना ते पैशाची उधळपट्टी वाटले. तिसरे म्हणजे, ड्रममध्ये मशीन चालवून गिअर पडतो एवढेच कळते. भाराखाली तो टिकतो काय, हे पाण्यावरच पाहावे लागते आणि तेथे येण्याचे त्यांनी दोनदा कबूल करून दोनदा टाळले, कारण उन्हाळ्याचे दिवस होते आणि शेतकऱ्यांचे जळालेले पंप रांगेत होते. तिसऱ्यांदा मात्र ते आपणहून, बाजारच्या दिवशी दुकान बंद ठेवून आले आणि भरलेल्या बोटीत मागे बसून पूर्ण वेगाने पाऊण तास फिरले. पक्के बिल ते देत नाहीत. संस्थेच्या लेखापरीक्षणासाठी मला साध्या कागदावर मजुरीची पावती लिहून घ्यावी लागली, त्यावर त्यांनी पंपाच्या कंपनीचा शिक्का मारला. तो कसा चालवून घ्यायचा ते लेखापरीक्षक आणि मी पाहून घेऊ.

हिशेब असा: भागांचे १६,८५० रुपये, तेलाचे ६५०, मजुरी २,५००, एकूण २०,०००. पहिल्या कार्यशाळेचे ९,४०० धरले तर २९,४०० रुपये एका जुन्या मशीनवर गेले. सभेत एका सभासदाने विचारले की एवढ्यात नवीन आले नसते काय. या ताकदीचे नवीन मशीन लाखाच्या पुढे जाते, तेव्हा नसते आले. पण पहिले पैसे वाचले असते, हा त्यांचा दुसरा मुद्दा मला मान्य करावा लागला. केबल बदलण्यापूर्वी ती मशीनवरून काढून दांडी हाताने हलवून पाहिली असती, तर दोष केबलीत नाही हे पाच मिनिटांत दिसले असते, आणि ते पाहायला कोणतीही कार्यशाळा लागत नाही.

दुरुस्तीला आता पाच महिने झाले. पावसाळ्यात धरणाचे ३३ दरवाजे कमी-अधिक उघडे होते तेव्हा बोट बराच काळ बांधून होती, तरी साधारण ६० तास मशीन चालले असावे. पुढचा गिअर एकदाही सुटलेला नाही. रिव्हर्स थोडा कडक पडतो. पोळ्यानंतर मी बुचातून चमचाभर तेल काढून पाहिले, ते मधासारखे स्वच्छ होते. चालक दर आठवड्याला पंखा काढून वॉशरमागचे तंगूस पाहतो, आणि दांडा आता इतक्या जोरात टाकतो की बोटीतली माणसे दचकतात.

इंजिनाचे इलेक्ट्रिकचे काम किंवा कार्ब्युरेटर यासाठी या शेडमध्ये जावे असे मी म्हणणार नाही. ते काम ते घेतात, पण त्यात त्यांचा हात बसलेला मला दिसला नाही. गिअरच्या दुखण्यासाठी जायचे असल्यास बाजारचा दिवस सोडून सकाळी जावे, कारण दुपारनंतर पंपांची गर्दी होते. कंट्रोल पेटी आणि केबली बोटीवर न ठेवता सोबत न्याव्यात, पत्रीवरचा मॉडेल क्रमांक आधीच टिपून ठेवावा, आणि घरी कितीही इच्छा झाली तरी खालच्या डब्यातले तेल काढून मशीन धुऊनपुसून नेऊ नये. ते घाण तेल मिस्त्री सर्वांत आधी मागतात.